दारची शेंदरी

माझ्या बहिणीला जुळं झालं ते १९६२ साल. पुढच्या ईस्टरला माझं देल्फिनाशी लग्न होतं. आम्हा साचिला जमातीच्या पुरुषांचे केस शेंदरीच्या बियांनी लाल रंगवलेले असतात, तसे न रंगवता कुणी लग्नाला उभा राहत नाही. पण देल्फिनाच्या वडिलांचा, व्हेंतुरांचा, आणखी एक हट्ट होता. "माझ्या दारच्या शेंदरीनं ज्याचं डोकं रंगेल, त्यालाच मुलगी देईन. उसना रंग चालणार नाही."

त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून मी नाताळच्या सुमारास कोयता घेऊन त्यांच्या दारी गेलो. छाटणी मी कॉफीच्या मळ्यात शिकलो होतो. शेंदरी माजली होती. सगळे शेंडे उतरवले. देल्फिना बाहेर आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"काय केलंस रे हे? शेंड्यांनाच तर कळ्या होत्या! आता बोंडं कुठून येणार?"

"फुटेल की पुन्हा."

"फुटेल ना. तोवर बाबा मला दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाठवतील."

व्हेंतुरांनी खाली पडलेल्या फांद्या पाहिल्या आणि ते आत गेले.

ईस्टर आला. झाडाला पालवी भरपूर होती, बोंड एकही नव्हतं. मी काळ्या डोक्यानंच माफी मागायला गेलो. म्हाताऱ्यानं चुलीवरच्या फळीवरून पानात बांधलेली पुरचुंडी काढली.

"बस खाली. गेल्या वर्षीच्या बिया आहेत, याच झाडाच्या. अट काही मोडत नाही."

"एका डोक्यापुरत्याच आहेत. मग तुमचं?"

"माझं पांढरं आहे. लोकांना एक दिवस दिसू दे."

चरबीत कालवलेला तो लेप त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या केसांवर थापला. लग्नात शेजारी ओरडला, "व्हेंतुरा, तुरा कुठे गळाला रे?"

"जावयाला घातला!" म्हातारा हसत म्हणाला.

छाटल्यामुळे शेंदरी दुप्पट फुटली. पुढच्या वर्षी बोंडांनी इतकी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पहिल्या बोंडांचा लेप मी सासऱ्यांच्या डोक्याला लावला. नंतर दर ईस्टरला ते काम माझंच झालं, आणि ते मिळालं याचं मला अजून बरं वाटतं.

व्हेंतुरा अग्वाविल १९७९ च्या ऑगस्टमध्ये वारले.