मानोय क्रिस्पुलोचा आवाज

गावच्या प्रमुखांनी, कापितान बेनिल्दोंनी, खोकं माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आत सोळा नव्या कोऱ्या वॉकीटॉकी होत्या आणि एक केबल.

"दुपारपर्यंत बोलत्या कर, सेन्दा," कापितान म्हणाले.

"यांच्यात काय भरायचं असतं तेच मला माहीत नाही, काप."

"पोरांचे गेम भरतेस ना कॉम्प्युटरात? तसंच काहीतरी."

माझं दुकान म्हणजे चार कॉम्प्युटर. नाणं टाकलं की पोरांना काही मिनिटं खेळता येतं. तेवढ्या जोरावर मी गावची तंत्रज्ञ ठरले होते. पण नाही म्हणायला जीभ रेटेना, कारण त्या सोळा यंत्रांची वाट सगळं गाव पाहत होतं. आमचं पोट नदीच्या वाळूवर आहे. ज्वालामुखीने ओकलेली वाळू पात्रात येते, आम्ही ती चाळतो, ट्रक भरून नेतात. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की मात्र त्याच पात्रातून राखेचा आणि दगडांचा चिखल सुटतो. त्याला लहार म्हणतात. खाली तेव्हा लख्ख ऊन असू शकतं.

वर घळीच्या तोंडाशी मानोय क्रिस्पुलो राहतात. आमच्याकडे मानोय म्हणजे दादा, मानाय म्हणजे ताई. सत्तरी ओलांडलेला हा माणूस आपल्या जुन्या वॉकीटॉकीवरून कापितानांना खबर द्यायचा आणि कापितान चर्चची घंटा बडवायचे. ट्रकची इंजिनं चालू असली की घंटा कुणाला ऐकू येणार? गेल्या वर्षी दोघांना केसाला धरून ओढून काढलं होतं. शेवटी कापितानांच्या यंत्राची बॅटरीही फुगून मेली. म्हणून आता वाळू काढणाऱ्या प्रत्येक टोळीला एक यंत्र.

मी लॅपटॉप उघडला. वॉकीटॉकी भरायचं फुकट सॉफ्टवेअर मिळालं, उतरवलं, केबल लावली. कॉम्प्युटरने केबलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. यादीत नुसता पिवळा त्रिकोण.

तेवढ्यात मानाय पुरिंग आल्या. खालच्या उताराजवळ चाळणी धरणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. हातात केळीच्या पानात भात आणि नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू. "खा आधी. तोंड का असं वाकडं?"

"केबल चालवायला कॉम्प्युटरात ड्रायव्हर असतो, तो नवा आहे, मानाय. या स्वस्त केबलला तो उभं करत नाही. जुना ड्रायव्हर पाहिजे."

"जुने ड्रायव्हर नदीवर ढिगाने आहेत. बोलवू एखादा? दारू प्यायलेला चालेल?"

मला इतकं हसू आलं की घास घशात अडकला. जुना ड्रायव्हर शोधून बसवला आणि पिवळा त्रिकोण गेला. आता यंत्रात काय भरलंय ते वाचून पाहायचं. यंत्र सुरू केलं, बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, यंत्र प्रतिसाद देत नाही.

पुन्हा तेच. आणि पुन्हा.

मानाय माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. "ते टोक पुरतं आत गेलंय का गं? मला तर फट दिसतेय."

खरंच फट होती. केबलच्या टोकाभोवतीचं प्लास्टिक जाड, ते यंत्राच्या कडेला अडत होतं. मानायनी कमरेची सुरी काढली, मासा साफ करावा तसं प्लास्टिक दोन बाजूंनी तासलं आणि टोक अंगठ्याने दाबलं. टक् असा आवाज झाला.

मी पुन्हा बटण दाबलं. यंत्रावरचा दिवा लुकलुकायला लागला आणि पडद्यावरची निळी पट्टी सरकू लागली. दहा टक्के, तीस, साठ. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. शंभर झाले आणि समोर भलामोठा तक्ता उघडला. मानायनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की लॅपटॉप हलला.

कारखान्यातून आलेला मजकूर मी आधी वेगळा जपून ठेवला, बिघडलंच तर परत घालता यावा म्हणून. मग कापितानांनी परवान्याचा कागद दिला होता त्यातले फ्रिक्वेन्सीचे आकडे, मानोयच्या यंत्राचे होते तेच, पहिल्या ओळीत लिहिले आणि चॅनलला नाव दिलं 'नदी'. इथे मला जरा शहाणपण सुचलं. सॉफ्टवेअरमध्ये टोनची सोय होती. टोन म्हणजे बोलण्याबरोबर जाणारी, कानाला न कळणारी एक गुणगुण. ती सोबत असेल तरच समोरचं यंत्र तोंड उघडतं, नाहीतर गप्प राहतं. परक्यांची बडबड नको म्हणून मी ते कुलूप घातलं.

पहिली दोन यंत्रं घेऊन मानाय नदीवर गेल्या. मग माझा हात बसला. लाव, दाब, पट्टी सरकू दे, काढ, पुढचं. अकराला पंधरा यंत्रं टोळ्यांकडे पोचली होती आणि सोळावं माझ्यापाशी होतं. मी हजेरी घेतली. एकेक टोळी "आहे, आहे" म्हणत गेली. मानाय म्हणाल्या, "आहे, आणि भूकही लागलीय." नदीभर हशा झाला आणि तो माझ्या हातातल्या डबीतून ऐकू आला. अंगावर काटा आला माझ्या. इतकी माणसं, इतक्या लांब, आणि सगळी माझ्या टेबलापाशी.

मग मी मानोय क्रिस्पुलोंना हाक मारली. काही नाही.

"म्हातारा झोपला असेल," कापितान म्हणाले. ते नुकतेच येऊन दारात उभे होते. मी पुन्हा हाक मारली. आवाज नाही. पण यंत्रावरचा हिरवा दिवा पेटला, थोडा वेळ राहिला आणि विझला. जरा वेळाने पुन्हा पेटला.

"काप, कुणीतरी बोलतंय."

"मला काही ऐकू येत नाही."

"तेच तर. बोलतंय, पण यंत्र तोंड उघडत नाहीये."

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मानोयचं यंत्र जुनं, त्याला गुणगुण माहीतच नाही. आम्ही त्यांना ऐकू जात होतो, ते आम्हाला नाही. ज्या एका माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच मी कुलूप घालून बाहेर ठेवलं होतं. मी दाराबाहेर पाहिलं. डोंगराचं टोक ढगात गेलं होतं.

केबल खुपसली. तक्ता उघडला, टोनचा रकाना बदलला. बोलताना गुणगुण जाऊ दे, ऐकताना मागू नको. म्हणजे मानोय मला ऐकू येणार आणि मी कुलूपवाल्या सगळ्यांना. निळी पट्टी निघाली. सकाळी आवडलेली तीच पट्टी आता मुंगीच्या पावलाने चालली होती. कापितान माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

शंभर. केबल उपटली. आणि आवाज आला, घोगरा, चिडलेला.

"...चौथ्यांदा सांगतोय, बहिऱ्यांनो. घळीत चिखल सुटलाय. बैलाएवढे धोंडे आहेत त्यात. सगळ्यांना बाहेर काढा."

"ऐकलं, मानोय," मी म्हटलं, आणि मग दम न घेता, "सगळ्या टोळ्या, पात्र सोडा. लहार आलाय. ट्रक चालू असतील तर काढा, नसतील तर सोडा. पळा."

टोळ्या उत्तर देत गेल्या. मी कागदावर एकेकीपुढे खूण करत होते. खालून मानायचा आवाज आला. "आमचा ट्रक रुतलाय. आणि हा ड्रायव्हर उतरायला तयार नाही."

कापितानांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं. "पुरिंग, त्याला उतरव."

"उतरवतेच."

मानोय वरून सांगत होते, चिखलाने पूल ओलांडला, वळणावर आला. मग आम्हालाच तो ऐकू आला. रेल्वे घराखालून जावी तशी जमीन घुमत होती. कपाटावरचे कप वाजायला लागले.

यंत्रातून धापा ऐकू आल्या. "वर आलो. सगळी अठरा माणसं." मागे कुणीतरी तारस्वरात शिव्या देत होतं. "हा ओरडतोय तो ड्रायव्हर. मी त्याचा कान धरून आणलाय, अजून सोडलेला नाही."

कापितान हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि काठावरच्या पंधरा तोंडांमधून एकाच वेळी इतका कल्ला येत होता की कुणाचंच काही कळत नव्हतं. तो ट्रक आणि सहा चाळण्या गेल्या. माणूस एकही नाही.

दुपारी ती पंधरा यंत्रं परत माझ्या टेबलावर आली, चिखलाने माखलेली, आणि त्यांच्यामागे चिखलाने माखलेली माणसं रांगेत. मी एकेक पुसून, ऐकण्याचं कुलूप काढायला, केबलला लावत होते. प्रत्येक यंत्र भरून झालं की त्याचा मालक ते घेऊन आधी वरच्या माणसाला हाक मारायचा. मानोय क्रिस्पुलो दर वेळी उत्तर देत होते. सातव्या यंत्रानंतर त्यांनी विचारलं, "आता अजून किती जणांना मी जिवंत आहे हे सांगायचंय?"

"आठ, मानोय," मी म्हटलं.

"बरं. मग आधी कॉफी ठेवतो."