गौतमीताईंचे एकवीस दिवस

“आत न्हाई यायचं! पोराला देवी आल्यात,” सासूबाई दारातूनच ओरडल्या. गौतमीताई, आमच्या खुटबावच्या आशा सेविका, पायरीवरच थांबल्या.

सकाळी माझ्या सुरजच्या पाठीवर कांजण्यांचे फोड दिसले आणि आम्ही त्याला मागच्या खोलीत ठेवलं. दाराला लिंबाचे डहाळे बांधले, घरात फोडणी बंद केली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी नणंद सुलक्षणा पुढच्या खोलीत. एवढं केल्यावर मी निर्धास्त होते. कसली डोंबलाची निर्धास्त!

“हितनंच इचारते, मावशी. परवा सुरज कुणाकुणाजवळ व्हता?”

“परवा? परवा तर ठणठणीत व्हता की!”

“म्हणूनच इचारते. फोड दिसायच्या आधी दोन दिस लागण व्हती. तवा कुणीच जपत न्हाई.”

परवा सुलक्षणाचं डोहाळेजेवण होतं. ओटी भरताना मांडीवर मुलगा बसवायचा, म्हणून मीच हौसेनं सुरजला तिच्या मांडीवर बसवला होता. फोटो नीट आला नाही म्हणून परत एकदा.

सुलक्षणा आतून रडतच आली. तिला लहानपणी कांजण्या आलेल्याच नव्हत्या. “ताई, माझ्या बाळाला काय हुईल का वो?”

“रडू नगं. पुण्याला इंजेक्शन मिळतंय, दहा दिसांच्या आत घ्यायचं. आपल्याला टाइम हाय,” म्हणत ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दुपारीच आमचे हे तिला गाडीतून घेऊन गेले.

मग ताईंनी वही काढली. परवा जे जे आले त्यांची नावं लिहिली आणि सगळ्यात वर स्वतःचं लिहिलं.

“त्याला मीबी कडेवर घेतला व्हता, आन् मलाबी कवा कांजण्या आल्या न्हाईत. परवापास्नं मोजून आठव्या दिसापास्नं एकविसाव्यापतुर मी कुणाच्या घरात जायची न्हाई.”

“आगं, पण सुलीची तारीख त्यातच हाय!” सासूबाई म्हणाल्या.

“ठावं हाय मला.”

अकरा वर्षांत या बाईनं गावातलं एक बाळंतपण चुकवलं नव्हतं. सुलक्षणानं तर ‘ताई जवळ असल्या तरच’ असा हट्टच धरला होता.

सोळाव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. सुलक्षणाचा एकच धोशा, ताईंना बोलवा. माझंही डोकं फिरलं. फोनवर मी तडकलेच, “एक फोड न्हाई तुमच्या अंगावर. या की आता! कोण बघतंय?”



“सुरजच्या अंगावरबी त्या दिशी काय नव्हतं, वैनी.”

कपाळ माझं! ताईंनी शेजारच्या गावच्या आशाताईंना आधीच सांगून ठेवलं होतं, ॲम्ब्युलन्सही त्यांनीच बोलावली, आणि रस्ताभर फोनवर सुलक्षणाला धीर दिला. मुलगी झाली. तिच्या अंगावर फोड नाही, सुलक्षणाच्याही नाही. मी दवाखान्यातच ढसाढसा रडले.

एकोणिसाव्या दिवशी घरी येताना ह्यांनी गाडी ताईंच्या दारासमोर थांबवली. ताई धावतच बाहेर आल्या. अंग अगदी स्वच्छ होतं. मी बाळाला काचेजवळ धरलं. ताईंचे डोळे भरून आले, हात पुढे झाले. आमचे हे काच खाली करायला लागले.

“नगं, नगं! अजून दोन दिस हायत!” ताई तिथूनच ओरडल्या आणि पुढे आलेले हात त्यांनी पदराखाली घेतले.