वाटेतली गावं

गव्हाणच्या मांडवात प्राजक्ता हळदीच्या अंगानं पाटावर बसली होती, आणि नवरा अजून आभाळात होता. हरेशची नोकरी नागपूरला. रजा कशीबशी मिळाली, वर विमान उशिरा उडालं.

"दिवस बुडायच्या आत नाय आला, तर पोरीला उठवीन," प्राजक्ताचे बाबा काशिराम म्हणाले. ते एकदा बोलले की करणारच. हरेशकडची माणसं माना खाली घालून बसली.

पण धवला चालू असताना नवरीला पाटावरून कुणी उठवत नाही, आणि धवला गंगूआजीच्या गळ्यात होता. आगऱ्यांचं लग्न या धवलारणीच्या गाण्यानं लागतं. नवऱ्याच्या वाटेवरचं एकेक गाव ती गाते. गावं संपली की धवला संपतो.

"येतो कशानं नवरा?"

"विमानानं, आजी."

"मंग वाटेत गावं कुठली? ढग गाऊ का मी?"

मांडव हसला. काशिराम मावळतीकडे बघत राहिले.

प्राजक्ताची धाकटी बहीण रिया पुढे सरकली. तिनं फोनच्या नकाशावर नागपूरपासून गावाशेजारच्या विमानतळापर्यंत रेघ ओढली. "सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरच्या वर."

"आकडा गाण्यात बसत नाय, बायो. रेघेखाली काय हाय ते सांग."

"कारंजा."

आजीनं डोळे मिटले.

*नवरा निंगाला गो, कारंज्याच्या वर,*
*पायाखाली वारा गो, वाटेत नाय घर.*

जालना गेलं, नेवासं गेलं. न पाहिलेल्या गावांना आजीनं वेस दिली, विहीर दिली, ओवाळायला दारात एकेक सवाष्ण उभी केली. जुन्नर. माथेरान. ऊन मांडवाच्या तोरणावर चढलं.

"आजी," रियाचा आवाज चिरकला, "रेघ संपली. पुढे नुसती धावपट्टी. विमान वरच घिरट्या घालतंय."

काशिराम उठले. "झाला धवला. प्राजक्ता, चल."

प्राजक्तानं दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला.

"कुठं झाला?" आजी कडाडली. "पोरीच्या फोनात धावपट्टी हाय. माझी वाघिवली हाय तिथं. माझा जलम तिथला, आन तुझ्या आईचं म्हायेर पन!"

विमानतळाला जागा दिली तेव्हा उठलेलं ते गाव. आजी त्याच्या वेशीतून आत शिरली.

*वाघिवलीच्या येशीत गो, पानी भरलं तांब्यात,*
*पयला मान देवाला गो, नवरा उभा खांबात.*

देऊळ आलं, खाडीचा बांध आला. मग घरं, एकेक करून, दारातल्या तुळशीसकट. काशिराम उभेच होते.

*सहाव्या दारी कोन गो, काशिरामाची आय,*
*नातजावई बघल्याबिगार, दिवा लावनार नाय.*

काशिराम हळूच खाली बसले. कधी दिवस बुडाला, कुणी पाहिलं नाही.

मांडवावरून घरघर गेली. पत्रे थरथरले. "उतरलं!" रिया ओरडली.

आजीनं डोळे न उघडता हात वर केला. अजून एक आळी गायची राहिली होती.