उलटी बॅच

स्पीकर बनवणारी ती कंपनी बंद पडून तीस वर्षं झाली, पण कानसाहेबांचा रुबाब काही बंद पडला नाही. कंपनीत माल तपासण्यासाठी एक ऐकण्याची खोली होती आणि त्या खोलीचे ते प्रमुख. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही जोडी खोक्यात जायची नाही. आता जुन्या स्पीकरांचे शौकीन त्यांना आपल्या घरी न्यायला यायचे. कानसाहेब पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, वूफरचा, म्हणजे आतल्या मोठ्या स्पीकरचा, कागद दोन अंगठ्यांनी अलगद दाबून बघायचे आणि मग डोळे मिटून एका बाईंचं संथ गाणं ऐकायचे. शेवटी जोडी कशी आहे याची चिठ्ठी लिहून द्यायचे. त्या चिठ्ठीपुढे कुणी ब्र काढत नसे. कुणी काढलाच, तर "तुम्ही ऐकलंय की मी?" हा सवाल ठरलेला.

त्या दिवशी बोलावणं होतं पुतणीचं. धाकटा भाऊ जाऊन चार महिने झाले होते. तोही त्याच कंपनीत होता, वायरी जोडायच्या टेबलावर, आणि एका बॅचमध्ये वायरी उलट्या जोडल्या म्हणून त्याला काढून टाकलं होतं. निघताना परत आलेल्या मालातली एक जोडी त्याने मागून घेतली. तीच आता एका शौकिनाला हवी होती. तो गृहस्थ कंपनीच्या सगळ्या मॉडेलांची खोली थाटत होता आणि प्रत्येक जोडीखाली माहितीची पाटी लावत होता.

"या जोडीच्या पाटीवर काय लिहिणारेत माहितीये, काका?" पुतणी म्हणाली. "उलटी बॅच. जोडणी कामगाराची चूक. तुम्हीच सांगितलंय म्हणे त्यांना."

"जे झालं ते सांगितलं."

"मग एकदा तपासा. तसंच निघालं तर मी गप्प बसेन. नाही निघालं, तर तसं लिहून द्या."

पोरगी बापासारखीच हट्टी, कानसाहेबांच्या मनात आलं. त्यांनी पेट्यांच्या मागे वाकून पाहिलं आणि तिथेच त्यांचं डोकं तडकलं. उजव्या पेटीला लाल वायर काळ्या खुणेत होती आणि काळी लाल खुणेत.

"हे कुणी लावलं?"

"बाबांनी. ते म्हणायचे, उजवीच्या वायरी उलट्याच लावायच्या."

"जन्मभर सुधारला नाही!" असं म्हणून त्यांनी वायरी खुणेप्रमाणे लावल्या आणि गाणं सुरू केलं. गाणाऱ्या बाईंचा आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तो कुठेच उभा राहीना. खोलीभर नुसता पसरला, आणि तबल्याचा डग्गा तर गायबच झाला. कानसाहेबांना वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. "ऐक. आत उलटं जोडून ठेवलंय त्याने, आणि बाहेर उलट्या वायरी लावून निभावून नेलं. दाखवतोच तुला."

त्यांनी स्क्रू काढून उजवा वूफर बाहेर घेतला. वूफरच्या दोन टोकांपैकी एकाजवळ वूफर बनवणाऱ्या कारखान्यातूनच आलेला लाल ठिपका असायचा. लाल वायर ठिपक्याच्या टोकाला जोडायची, हा नियम. आणि इथे ती ठिपक्याच्या टोकालाच जोडलेली होती. अगदी नियमाप्रमाणे. शेजारच्या टोकावर मात्र जुन्या सोल्डरचा डाग होता. लाल वायर आधी तिथे होती आणि नंतर काढून इकडे आणली होती. दोन्ही डाग धाकट्याच्याच हातचे, गोल आणि स्वच्छ.

कानसाहेबांनी तो जुना डाग अंगठ्याने घासून पाहिला.

"सेल आहे घरात?" त्यांनी विचारलं. पुतणीने भिंतीवरच्या घड्याळातला काढून दिला. ठिपका बरोबर असला, तर सेलची वरची बाजू त्या टोकाला लावली की वूफरचा कागद बाहेर उडी मारतो. डाव्या पेटीतला वूफर काढून लावली, त्याने मारली. उजव्याचा कागद आत ओढला गेला. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा आतच.

ठिपकाच चुकीच्या जागी होता. आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. सगळ्या टेबलांसमोर धाकटा म्हणाला होता, "दादा, नव्या मालात काहींचे ठिपके चुकलेत. मी सेल लावून बघितलंय, म्हणून तसं जोडलंय." त्यावर त्यांनी त्याला झापलं होतं, "तू मला शिकवणार? ठिपक्याप्रमाणे बदल सगळं." त्याने मुकाट्याने बदललं. तक्रारी आल्या तेव्हा मॅनेजरसमोर त्यांनी हात झटकले, "मी बदलायला सांगितलं होतं. याने बदललंच नसणार."

"पण तुम्ही ऐकली होतीत ना प्रत्येक जोडी?" त्यांच्याकडून सगळं ऐकून घेऊन पुतणीने विचारलं.

कानसाहेब खुर्चीत बसले. "नव्हती ऐकली. त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. दोन्ही कान गच्च. ऐकणाऱ्यालाच ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? नुसते ठिपके बघून सह्या केल्या." लाज वाटली त्यांना, आणि एवढ्या वर्षांत एक सेल लावून बघितला नाही याची जास्त वाटली.

पुतणी रडली नाही. "हे मला नका सांगू," ती म्हणाली. "आईला सांगा. बाबांचं तिने कधीच खरं मानलं नाही."

आतल्या खोलीत पुतणीची आई धाकट्याचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होत्या. धाकटी भावजय असूनही कानसाहेब त्यांना मानाने वहिनीच म्हणत. कानसाहेबांना पाहताच वहिनी उठल्या आणि पदर सारखा केला. या घरात कानसाहेबांचा मान त्यांनीच राखला होता. कानसाहेबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"असं काय बोलता, भावोजी. माणूस गेलं म्हणून चांगलं बोलायचं, ते वेगळं."

"नाही, वहिनी. आत्ता तपासलं मी. चूक माझी होती. त्याची नव्हती."

वहिनी हातातल्या शर्टाकडे बघत राहिल्या.

"हे मला सांगत होते," त्या म्हणाल्या. "कितीदा तरी. मी म्हणायचे, भावोजींपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? हाताला वळण नाही म्हणून नोकरी घालवलीत आणि वर थोरल्या भावावर ढकलता? लोकांसमोरसुद्धा टाकून बोलले मी त्यांना. दवाखान्यात होते, तेव्हा पुन्हा विषय काढला त्यांनी. मी म्हटलं, पुरे करा ते रडगाणं. मग नाही बोलले."

"मी लिहून देतो, वहिनी. ती पाटी बदलायला लावतो. सगळ्यांना सांगतो."

"द्या लिहून," वहिनी म्हणाल्या. "पण मला कशाला सांगितलंत हो? आता मी माफी कुणाची मागू?"