ब्रेकमधली हवा

वीरधवलची निवड झाली होती. कशासाठी, ते आष्ट्याच्या त्या गल्लीत नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण चौकात फ्लेक्स लागला म्हणजे निवड झालीच असणार. साताऱ्याच्या पलीकडं एका माळावर कुणीतरी मोटारी पळवायचा ट्रॅक बांधला होता. पैसे भरायचे, आपली गाडी न्यायची आणि पोलिसाच्या शिट्टीविना दिवसभर सुसाट हाणायची, एवढाच तो ‘ट्रॅक डे’. तिथं कुणी कुणाला निवडत नाही. पण ‘पैसे भरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ हे काही शोभलं नसतं. म्हणून वीरधवलचा जिगरी दोस्त शंभूराज याने ‘निवड झाल्याबद्दल’ असं छापून घेतलं, आणि गॉगलवाल्या वीरधवलच्या शेजारी स्वतःचा फोटो त्याच्याहून जरा मोठाच टाकला.

वीरधवलच्या बायकोने, रेश्माने, बाजारातून येताना तो फ्लेक्स पाहिला आणि कपाळावर हात मारला. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. आता आभाळ कोसळलं तरी हा माघार घेणार नव्हता.

गाडी जुनी, दुसऱ्याने वापरून विकलेली. ट्रॅकवर सारखे करकचून ब्रेक मारावे लागतात, तेव्हा आधी ब्रेक नीट करायला हवेत, इतकी अक्कल वीरधवलला होती. ते गॅरेजवाल्याकडून करून घ्यायची अक्कल नव्हती. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून त्याने ट्रॅक्टरच्या शेडमध्ये चारी चाकं उतरवली. कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळून धरणारे चिमटे, सोडवले, घासले, आतली रबरं बदलली, नवे पॅड बसवले, जुनं काळं पडलेलं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. हे सगळं त्याने चांगलं केलं, खोटं कशाला बोला. मग एक दिवस कॅलिपरला लाल रंग देण्यात गेला आणि एक दिवस त्या रंगाचे फोटो काढण्यात. राहता राहिलं ते हवा काढायचं काम.

ब्रेक उघडले की नळीत हवा शिरते, आणि हवा असली की ब्रेक ऐन वेळी दगा देतात. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून बारका निपल सैल करायचा, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर आले की तो आवळायचा, आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. आवळायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत. शंभूराज आणि मंडळी हलगीवाला ठरवायला गेली होती, म्हणून पेडलवर रेश्माला बसवलं.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलंय.”

“सोड.”

दोन चाकं सुरळीत पार पडली. तिसऱ्याला वीरधवलच्या मनात आलं, याचं रील झालं पाहिजे. मग एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाइल. तो कॅमेऱ्याकडं बघून ‘मित्रांनो’ म्हणायचा, आणि त्या नादात निपल आवळायच्या आधीच ‘सोड’ म्हणून जायचा. चौथं चाकही तसंच उरकलं.

“आवं, पेडल लागंना झालंय,” रेश्मा म्हणाली. “मळल्याल्या कणकंत पाय रुतावा तसं खाली चाललंय.”

“तुजा पाय हलका हाय.”

रेश्मा वर्षानुवर्षं शिलाई मशिन चालवत होती. पायाखाली काय चाललंय हे तिला न बघता कळायचं. वीरधवलने तिला उठवलं, स्वतः बसून दणादण पेडल मारलं आणि हसला. “बग, दगड झालाय!”

“तीनदा दाबल्यावर झालाय. पैल्यांदा कुटं लागलं? वळणावर गाडी थांबून म्हनंल व्हय, घ्या दादा, आजून दोनदा दाबा? हवा ऱ्हायलीय आत. परत काढू.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणून त्याने मान दुसरीकडं वळवली.

ती वळलेली मान रेश्माने पाहिली. तिला राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. चौकातल्या फ्लेक्सपायी हा माणूस भरधाव जाऊन कुठंतरी आदळणार आणि आपण बघत बसणार, हे तिला आत्ताच डोळ्यांपुढं दिसत होतं.

रविवारी सकाळी दारात हलगी कडाडली. गल्ली लोटली. वीरधवल स्टिअरिंगवर बसला, रेश्माच्या सासूबाई, अंबूबाई, लेकाला ओवाळून बाजूला झाल्या. रेश्मा गर्दीतून पुढं घुसली आणि जीव तोडून ओरडली, “आवं, हवा हाय आजून! ऐका, हवा हाय!”

शंभूराजने हात उंचावला. “वहिनी काय म्हणत्यात? कुणाची हवा?”

“दादांची हवा!” सगळी पोरं गरजली.

रेश्मा जितकी ओरडली, तितकी घोषणा वाढत गेली. आणि गाडीतून वीरधवल हसत म्हणाला, “रेश्मे, बस की शेजारी. ट्रॅकवर फिरवून आणतो तुला. शंभ्या शूट करतोय.”

रेश्माने अंबूबाईंचा हात धरला आणि गाडीचं दार उघडलं. “आत्या, तुमी बसा. लेकाच्या गाडीत पैला मान तुमचा.”

अंबूबाई हरखल्या. पदर सावरून त्यांनी एक पाय आत टाकला. वीरधवलचं हसू मावळलं.

“आई, तू नगं.”

“का रं?”

“नगं म्हनलं न्हवं!”

“आरं, पन का?”

हलगीवाल्याचा हात थांबला. वीरधवल स्टिअरिंगकडं बघत पुटपुटला, “ब्रेक आजून जरा कच्चं हायत.”

“आईला कच्चं,” रेश्मा म्हणाली, “आन मला पक्कं व्हय?”

यावर घोषणा कुणालाच सुचली नाही. शंभूराजने मोबाइल खिशात घातला, आणि बघता बघता ज्याला त्याला आपापली कामं आठवली. दारात घरचीच तिघं उरली.

वीरधवलने जॅक लावला, चाक उतरवलं आणि रेश्माकडं न बघता म्हणाला, “जरा पेडल दाबाय पायजे.” रेश्मा हाताची घडी घालून उभी राहिली. शेवटी अंबूबाई चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या.

“कवा दाबू?”

“दाब.”

त्यांनी दाबलं. “आरं लेका, ह्ये तर मऊच जातंय खाली. रेश्मा कवाधरनं वरडतीया ती हीच हवा व्हय?”

“व्हय आई,” चाकामागून वीरधवल म्हणाला. “हीच.”

नवरा हातीपायी धड राहणार याचं रेश्माला बरं वाटलं. आणि लग्न झाल्यापासून असा सरळ ‘व्हय’ आपल्याला एकदाही मिळालेला नाही, हेही तिला लख्ख कळलं.