खिळे गाळणारे बटण

मित्रांनो, माझ्याकडे असे डोळे बारीक करून पाहू नका. मी एक जुना धातुशोधक आहे. संशय घेणे हा माझा धंदा आहे, तुमचा नव्हे.

एक लांब दांडा, खाली ताटलीएवढे वेटोळे, वर काटा आणि दोन बटणे, एवढाच माझा संसार. जमिनीत धातू असला की मी वाजतो. पहिल्या मालकांनी नवे यंत्र घेतले आणि मला जुन्या सामानाच्या दुकानात टाकले.

तिथे एक बाई आल्या. त्या घरातल्या थोरल्या जाऊ. आईने दिलेली, झिजून पातळ झालेली त्यांची सोन्याची अंगठी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना हरवली होती. त्या वेळी सोबत धाकटी जाऊ होती. तेवढ्यावरून बाईंनी हिशोब मांडला होता: अंगणात सापडली तर ठीक, नाहीतर धाकटीने उचलली, आणि मग चूल वेगळी.

दुकानदाराने आधी पडद्याचे महागडे यंत्र पुढे केले. "नवशिक्या माणसाला एवढी बटणं कशाला? अडलं की तुमच्याकडेच खेटे घालायला?" बाईंनी विचारले. मग त्यांनी मला उचलले. वजनाला हलका, सेल साधे, बटणे दोनच. त्यांनी हातातली बांगडी काढून माझ्याखाली धरली, मी वाजलो. लाकडी पट्टी धरली, मी गप्प. लाच न खाणारा साक्षीदार मिळाला, अशा चेहऱ्याने त्यांनी मला घेतले.

दुकानदाराने बजावले होते की डावे बटण खिळे-पत्रे गाळायला आहे, पण फार वळवू नका, पातळ सोनेही गळते. बाईंना वाटले, खिळ्याखिळ्याला वाजून माझे सेल लवकर संपावेत आणि पुन्हा गिऱ्हाईक यावे, म्हणून हा सांगतोय. घरी येताच त्यांनी ते बटण शेवटपर्यंत वळवले.

मित्रांनो, मी त्या अंगठीवरून पुन्हा पुन्हा गेलो. पण गाळ म्हटले की गाळायचे, त्याला मी काय करणार? मी गप्प राहिलो.

"यंत्र खोटं बोलत नाही. माणसांचं माहीत नाही," बाई स्वयंपाकघरात म्हणाल्या, भिंतीला ऐकवल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने मला उचलले, बटण पार मागे फिरवले आणि वाजेल तिथे उकरत सुटली. खिळे निघाले, बाटल्यांची झाकणे निघाली, एक मोडके बिजागर निघाले. कपड्यांच्या दोरीखाली, निथळत्या पाण्याने नेहमी चिखल होई तिथे, मी वाजलो आणि मातीत पिवळी कड चमकली. तिने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. पायाने माती सारखी करून तिने हाक मारली.

"ताई, इथे तुम्ही उकरा. मी काढली तर म्हणाल, मीच पुरली होती."

थोरल्या बाई खाली बसल्या. बोटाने चिखल उकरून त्यांनी अंगठी काढली, धुतली, बोटात घातली. ती लगेच घसरली.

"सैल झालीये," धाकटी म्हणाली. "आणा, दोरा गुंडाळून देते."

बाईंनी अंगठी तिच्या हातात दिली. चूल एकच राहिली. कपाटाची किल्ली मात्र अजून बाईंच्याच कमरेला आहे. माणूस एका दिवसात एवढाच बदलतो.

माझे कौतुक दुपारपर्यंत टिकले. मग मी दाराआड गेलो, सेल पोटातच राहिले, पाझरले, आणि माझ्या तारांना हिरवा गंज चढला. म्हणून सांगतो, काम झाले की माझे सेल काढून ठेवा. आणि ते डावे बटण कधी शेवटपर्यंत वळवू नका. चार खिळे जास्त निघतील. निघू देत.