शाळेची सोयरीक

सिंधूताईंनी आयुष्यात एकवीस सोयरिकी जमवल्या आणि त्यातली एकही मोडली नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या, त्यामुळे खरं-खोटं करायला कोणी गेलं नव्हतं. त्यांची रीत ठरलेली होती. मुलीकडच्या दोघा-तिघांना घेऊन ऐन जेवणाच्या वेळी, काही न कळवता, मुलाच्या दारात जाऊन उभं राहायचं. पाणी कोण आणतं, म्हातारी माणसं कुठे बसवलीत, अनोळखी पाहुण्याला पाहून कपाळाला आठी पडते का, एवढं पाहिलं की त्यांचा निकाल तयार असे. धामणगाव बढ्यापासून चिखलीपर्यंत ही रीत चालली होती. आता त्यांनी ती क्वालालंपूरला लावायची ठरवली होती, तीही चिखलीत दिवाणावर बसून.

प्रश्न नातीच्या शाळेचा होता. त्यांचा मुलगा संघपाल दोन वर्षांपासून तिकडे लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. बायकोचा आणि पोरीचा व्हिसा एकदाचा मिळाला होता आणि महिन्याभरात रेणुका सहा वर्षांच्या महामायाला घेऊन निघणार होती. तिथे बाहेरच्या देशातल्या मुलांना इंटरनॅशनल शाळाच गाठावी लागते, आणि त्यांच्या फीचे आकडे ऐकून संघपालनं पहिल्या आठवड्यातच अर्धी यादी खोडून टाकली होती. शेवटी दोन शाळा उरल्या.

मोठी शाळा सहा मजली, आत निळाशार पोहण्याचा तलाव. नवीनच निघालेली, म्हणून पहिल्या शंभर मुलांना फी निम्मी. दुसरी शाळा दोन बंगले जोडून केलेली, अंगणात एक घसरगुंडी, कौतुक करावं असं फोटोत काही नाही. संघपालचा जीव मोठीवर जडला होता. तलावाचा फोटो त्यानं कंपनीत सगळ्यांना दाखवूनही टाकला होता. पण ती सवलतीची जागा आजच पक्की करायची होती, तिथल्या पाचच्या आत, म्हणजे चिखलीतल्या अडीचच्या आत.

रेणुकाला तलावाचं काही नव्हतं. तिला एकच भीती होती. गेल्या दिवाळीआधी चिखलीतल्या शाळेनं महामायाला ‘मी हिचा काका’ म्हणणाऱ्या कुणा माणसाच्या हाती देऊन टाकलं होतं. पोरगी अडीच तासांनी खामगाव रस्त्यावर एका पेट्रोल पंपाजवळ एकटी उभी सापडली. तो माणूस कोण, ते आजवर कळलं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ते काका म्हणाले, आम्हाला काय माहीत. तेव्हापासून महामाया परक्या माणसापुढे तोंड उघडत नव्हती, आणि रेणुकाची झोप उडाली ती उडालीच.

“सोयरीक करताना घर पाहतेत का नाही? मंग शाळा काऊन नाही पाहाची?” सिंधूताईंनी मुलाला फर्मावलं होतं. “सांगून जाशीन तं समदं झाडून-पुसून ठेवतीन. पोरं सुटाच्या टायमाले जा, अन् आमाले फोनवर दाखव.”

त्यामुळे संघपालनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मे महिन्याच्या त्या दुपारी, चिखलीतल्या बारा वाजता, तो मोठ्या शाळेच्या फाटकाशी उभा होता आणि इकडे कूलरसमोर सासू-सून एका फोनवर डोकी टेकवून बसल्या होत्या. महामाया शेजारी वही रंगवत होती.

शाळा खरोखरच देखणी होती. पोरं हसत-खिदळत बाहेर येत होती. एका गोऱ्या पोरानं तर फोनमध्ये डोकावून हात हलवला. संघपालला हुरूप आला. तो फाटकातून आत शिरला, काउंटरवरच्या बाईकडे पाहून हसला, ती त्याच्याकडे पाहून हसली, आणि हा पठ्ठ्या थेट तलावापर्यंत जाऊन आला. पोरं पोहत होती, ती दाखवली. वर्ग दाखवले. अर्धा तास असा हिंडला जसा काही शाळेचा जावई.

“पाह्य बरं!” सिंधूताई खूश झाल्या. “कोनाच्या कपायाले आठी नाही. चांगले लोक हायेत. हेच घर पक्कं.”

रेणुकाला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येईना.  “दुसरी बी पाहून घ्या,” ती नवऱ्याला एवढंच म्हणाली.

एक वाजता पुन्हा फोन आला. धाकट्या शाळेचं फाटक बंद होतं. संघपालनं गजांमधून फोन आत धरला. अंगणात पोरं रांगेत बसली होती, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. तेवढं दिसलं आणि कोणीतरी ओरडलं.

“ए भाई! किसका वीडियो निकाल रहे हो?” नेपाळी वॉचमन होता.

“अरे, मैं तो बच्ची के लिए... मैं पप्पा हूँ...”

“किसका पप्पा? नाम बोलो. कागज दिखाओ. पहले फोन बंद करो!”

पडद्यावर आभाळ दिसलं, मग डांबरी रस्ता, मग कुणाचा तरी बूट. एका बाईचा करडा आवाज आला, त्यात पोलीस हा एकच शब्द रेणुकाला कळला. आणि फोन बंद झाला.

रेणुकानं लावला. लागला नाही. पुन्हा लावला. दहा वेळा लावला. परक्या देशात दुसऱ्यांच्या लेकरांचे व्हिडिओ काढताना धरलेला माणूस. पोलिसांनी नेला तर नोकरी गेली, व्हिसा गेला, शाळा कोणती हा प्रश्नच उरणार नव्हता. 

“मेल्याहीनं दारातूनच हाकललं,” सिंधूताई पुटपुटत होत्या. “असं घर म्या जनमात पाह्यलं नाही.” पण न सांगता जायला कोणी लावलं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

“पप्पाले कोन ओरडलं?” महामायानं विचारलं. रेणुका फोन लावतच राहिली.

दोनला दहा कमी असताना फोन वाजला. संघपाल रस्त्यावर उभा होता, तोंड लाल.

“पोलीस नाही बोलावले. पन लई बेइज्जती केली. पोरायच्या खुर्चीवर बसवलं मले, एवढुशा! पासपोर्टचा फोटो घेतला, समदे व्हिडिओ पुसाले लावले, माफी लिहून घेतली. कंपनीत फोन करून विचारलं, हा मानूस तुमचाच का म्हनून. अन् तोवर एक पोरगं बाहेर सोडलं नाही, समदे परत वर्गात नेले. मायबाप बाहेर उन्हात उभे, माह्याकडे पाहून राह्यले. जाऊ दे. मी आता मोठ्या शाळेचा फॉर्म भरतो. चाळीस मिनिटं हायेत.”

“थांबा,” रेणुका म्हणाली. “त्या मोठ्या शाळेत तुमी अर्धा तास हिंडले. कोनाचे पप्पा हा, असं एकानं तरी विचारलं?”

“नाही ना. चांगले लोक हायेत ते.”

“पोरं पोहून राह्यले होते तिथपरेंत गेले. तरी नाही?”

संघपालनं नकारार्थी मान हलवली.

“अन् इथं किती वेळात धरलं?”

“दोन मिनिटं बी झाले नसतीन.”

“मंग इथंच घाला.”

“याड लागलं का तुले? त्या बाईपुढं परत जाऊ? समद्यायनं पाह्यलं मले. चोर धरावा तसं धरलं! आई, तू तरी सांग हिले.”

सिंधूताईंनी फोन आपल्याकडे वळवला. एकवीस सोयरिकी जमवणाऱ्या बाईला हार कबूल करायची सवय नव्हती.

“रेणुका म्हनते ते कर,” त्या शेवटी म्हणाल्या. “माही रीत लगनाची होती. लेकराची नोय.”

अडीच वाजेपर्यंत तो वाद घालत होता. तलाव, वाचनालय, निम्मी फी, सगळं पुन्हा एकदा सांगून झालं. रेणुका एकच वाक्य बोलत राहिली, परत जा. अडीच वाजून गेले, सवलतीची जागा गेली, आणि संघपाल शिव्या घालत मागे वळला. फोन त्यानं खिशात ठेवला, पण चालू ठेवला. रेणुकाला आधी त्याची पावलं ऐकू आली, मग गाड्या, मग फाटकाची कडी.

“फिर आप?” वॉचमनचा आवाज.

“मैडम से मिलना है. मेरी बेटी का एडमिशन...”

“बेटी का नाम? कागज दिखाओ पहले.”

रेणुकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं फोन तोंडाजवळ धरला.

“दाखवा,” ती ओरडून म्हणाली. “समदे दाखवा त्याले.”